बिऱ्हाडेंचे दुसरे बिऱ्हाड

ज्या कारखान्यात हे घडले त्याचे नाव मी लिहिणार नाही. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, रंगांना लागणारी रसायने करतो आणि आजही चालू आहे, एवढे पुरे. माणसांची नावे मी बदलली आहेत. एक आडनाव मात्र बदलता आले नाही. ते बदलले तर सांगण्यासारखे काही उरत नाही. ज्यांचे ते आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

माझे काम कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिण्याचे. वजनकाट्यावर, फाटकावर, गोदामात जी छोटी यंत्रे ठेवलेली असतात त्यांच्या पोटातले प्रोग्राम. मी निवृत्त झालो असे घरचे म्हणतात. मी म्हणत नाही.

डेटाबेस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर थंडगार खोलीतले मोठे यंत्र येते. त्या खोलीला कुलूप असते आणि देखभालीला पगारी माणूस असतो. मोठ्या कार्यालयाला ते शोभते. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर ते मावत नाही. तिथे मी एसक्यूलाइट नावाची लायब्ररी वापरतो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्याने लिहून ठेवलेले तयार काम, जे आपण आपल्या प्रोग्रामला जोडून घेतो, त्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी जोडली की तुमचा प्रोग्राम स्वतःच डेटाबेस सांभाळू लागतो. वेगळे यंत्र नाही, वेगळा माणूस नाही. सगळ्या नोंदी एका फाइलीत. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंद पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. अर्धवट काही राहत नाही. तारापूरशेजारच्या बोईसरच्या विजेशी ज्यांची ओळख आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

परंतु तिचा खरा गुण दुसरा आहे.

आमची वाडी चिकूची. चिकू बियांपासून कोणी करत नाही, रायणीच्या खुंटावर त्याचे कलम बांधतात. रायण रानटी आणि चिवट. खाली रायण, वर चिकू, फळाला मात्र रायणीचा मागमूस नसतो. ही लायब्ररी तशी आहे. प्रोग्राम लिहिण्याच्या कुठल्याही भाषेवर ती बांधता येते. सी भाषेच्या खुंटावर बांधा, जावाच्या बांधा, सी शार्पच्या बांधा, पायथॉनच्या बांधा. यंत्र लहान असो की मोठे, फाइल तीच. ज्या दिवशी फाटकावरच्या यंत्रात सी भाषेतून लिहिलेली फाइल मी उचलून फोनवर ठेवली आणि फोनने ती कुरकुर न करता उघडली, त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बसण्यासारखे ते नव्हते. पत्नीने विचारले, “काय झालं?”

मी म्हणालो, “उघडली.”

“काय उघडली?”

“फाइल.”

ती स्वयंपाकघरात परत गेली. मी आणखी थोडा वेळ उभा होतो.

माझ्याबरोबर वैशाली तांडेल काम करते. दातिवऱ्याच्या मच्छीमार घरातली. फोनवरचे प्रोग्राम तिचे, यंत्रावरचे आणि कार्यालयातले माझे. आमच्यात मालक कोणी नाही. ती मला काका म्हणते आणि माझ्या चुका मोठ्याने वाचून दाखवते. तिच्या गावात सुकी मासळी विकणाऱ्या बायकांची एक संस्था आहे आणि तिची आई, हिराबाई, त्या संस्थेची प्रमुख. तिथल्या जुन्या संगणकावर आम्ही याच लायब्ररीने एक प्रोग्राम करून दिला होता. कोणी किती मासळी आणली, एवढ्याच नोंदी. एकदा वैशाली तिथून फाइलीची प्रत घेऊन आली, ती माझ्याकडे उघडली, तर सकाळच्या सगळ्या नोंदी गायब.

दोष लायब्ररीचा नव्हता. ताज्या नोंदी ती आधी शेजारच्या एका छोट्या फाइलीत लिहिते आणि सवडीने मोठ्या फाइलीत उतरवते. आम्ही तिला तसे सांगितलेलेच होते. प्रोग्राम चालू असताना नुसती मोठी फाइल उचलली तर ताजे ते मागे राहते. हे हिराबाईंना समजावण्यासाठी आम्ही दोघे दातिवऱ्याला गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि लेकीकडे वळल्या.

“म्हंजे डोकं नेलंस न् शेपूट इसरलीस. येवढी शिकलीस, म्हावरं कसं उचलतात ठावं नाय?”

“आई, ते म्हावरं नाय, फाइल हाय.”

“मंग तिला शेपूट कशाला ठेवलात तुमी?”

याला आमच्याकडे उत्तर होते, पण ते द्यायला निम्मी दुपार लागली असती. तेव्हापासून कुठेही नोंद सापडेनाशी झाली की आमच्यातला पहिला प्रश्न ठरलेला: शेपूट राहिले का?

आता कारखान्याकडे येतो.

रसायनांच्या कारखान्यात एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो: या क्षणी आत कोण आहे? माल किती, नफा किती, हे नंतर. भोंगा वाजला की सर्वांनी ठरलेल्या मोकळ्या जागी जमायचे असते आणि कोणीतरी सांगायचे असते की आत एकही माणूस उरलेला नाही. हे आधी माणसे ओरडून करत. आम्ही ते यंत्राकडे दिले. मुख्य फाटकावर माझे छोटे यंत्र, सी भाषेतले. मागच्या बाजूला, बेटेगावकडे तोंड करून दुसरे फाटक, तिथे पहारेकऱ्याच्या हाती वैशालीचा फोन, जावातला. मुख्य फाटकाला लागून, बाहेरच्या अंगाला सुरक्षा कक्ष, तिथे संगणक, सी शार्पमधला. तिन्ही ठिकाणी तीच लायब्ररी, तशीच फाइल आणि तिघांनी एकमेकांना नोंदी कळवत राहायचे. नोंद झाल्याशिवाय कुठलेच फाटक फिरत नाही. सुरक्षा कक्षाच्या भिंतीवर एक आकडा सतत दिसतो: आत किती.

कायम कामगारांना कार्ड होते. ठेकेदाराच्या माणसांना नव्हते. ठेकेदार बदलला की त्यांचे क्रमांक बदलत, माणसे तीच राहत. म्हणून त्यांची ओळख आडनाव, नाव आणि गाव यांवर ठेवली होती. पहारेकरी पहिली अक्षरे टाइप करी, यादीतून नाव निवडी आणि आत किंवा बाहेर अशी खूण करी. नाव सापडले नाही तर ‘नवीन नाव’ असे बटण होते. ते बटण देणे तेव्हा आम्हाला सोयीचे वाटले होते.

ठेकेदाराकडे सुनील बिऱ्हाडे नावाचा फिटर होता. खानदेशातला, शांत, पाइपलाइनच्या कामात पक्का. तो सरावलीला एका खोलीत दत्ता मोरे याच्याबरोबर राही. मोरे मराठवाड्यातला, कारखान्याच्या बचाव पथकात, तोंडाने फटकळ. काही कामासाठी आम्ही कारखान्यात गेलो असताना एकदा फाटकाबाहेरच्या टपरीवर मी चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर ही जोडी बसली होती.

मोरे म्हणाला, “बिऱ्हाडे, आज जेवण कुठल्या बिऱ्हाडी? पहिल्या का दुसऱ्या?”

बिऱ्हाडेने कपाळाला हात लावला. “तू वाढणार असशील तर तिसऱ्या.”

“यादीत दोन-दोन बिऱ्हाडं, आणि खोलीला झाडू मात्र मी मारायचा.”

“बायकोच्या कानावर गेलं ना हे, तर तुझंही बिऱ्हाड उठेल.”

टपरीवाल्यासकट सगळे हसले. दुसरे बिऱ्हाड म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मी चहा संपवला आणि उठलो. दुसऱ्याच्या संसारात मी नाक खुपसत नाही. ‘यादीत’ हा शब्द कानावर पडला होता, तो मी टपरीवरच सोडून आलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी, नव्या आवृत्तीचे काम होते म्हणून आम्ही पुन्हा तिथे गेलो. वैशाली पहारेकऱ्याचा फोन पाहायला नुकतीच मागच्या फाटकावर पोचली होती, मी सुरक्षा कक्षात होतो. दुपारची पाळी बदलण्याची वेळ. भोंगा वाजला.

सरावाचा भोंगा तुटक असतो. हा सलग होता.

सॉल्व्हंटच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रावकांच्या, विभागात एका पाइपचा सांधा सुटला होता आणि वाफ जमिनीलगत पसरत होती. अशी वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की ती फक्त ठिणगीची वाट पाहते. सुरक्षा अधिकारी कदम धावत आत आले. साताऱ्याकडचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिले.

तो आकडा मी आयुष्यभर विसरणार नाही. तो खाली येत होता. दोन्ही फाटकांतून माणसे बाहेर पडत होती आणि तीन भाषांतले तीन प्रोग्राम एकमेकांना कळवत होते. शेकड्यांतून दहांत, दहांतून एकांत. घसरण कुठेही अडखळली नाही. परिस्थिती काय आणि मी कशावर खूश होतो, पण होतो, हे लिहिले पाहिजे. माझे काम माझ्यासमोर चालत होते. बंबांचा आवाज ऐकू येत होता आणि मी मनात म्हणत होतो, चार, तीन, दोन.

आकडा एकावर थांबला.

खाली नाव आले: बिऱ्हाडे, सुनील. विभाग सॉल्व्हंट.

कदमांनी मैदानावर आणि मागच्या फाटकावर विचारायला लावले. बिऱ्हाडेला कोणी पाहिलेले नव्हते. आत फोन नेता येत नाहीत, कामगार ते मुख्य फाटकावरच्या पेटीत ठेवतात. कदमांनी त्याचा नंबर लावला. पेटीत फोन वाजू लागला. तो वाजत राहिला.

“फोन पेटीत आहे,” कदम म्हणाले. “म्हणजे माणूस आत आहे.”

दत्ता मोरे तोवर पाठीवर हवेची टाकी चढवत होता. दुसरा एक जण त्याच्या मागे उभा होता. बंबाच्या माणसांचे म्हणणे होते की पाण्याचा फवारा धरून वाफ खाली बसवल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकू नये. फवारा लागायला वेळ होता. मोरे म्हणाला, “तवर तो ऱ्हातोय का?” कदमांनी एकदा विभागाकडे आणि एकदा मोरेकडे पाहिले. आत माणूस असेल तर थांबणे म्हणजे त्याला सोडून देणे. नसेल तर या दोघांना पाठवणे म्हणजे काय, तेही त्यांना ठाऊक होते.

माझा फोन वाजला. वैशाली.

“काका, तुमच्याकडे बिऱ्हाडे आत दाखवतंय?”

“हो.”

“माझ्या फोनवर बाहेर आहेत. भोंग्याच्या आधीच गेलेत.”

“तुझ्या पहारेकऱ्याला विचार.”

“विचारलं. तो म्हणतो, ‘मैं तो अभी आया हूँ, मैडम.’ पाळी आत्ताच बदलली.”

“शेपूट राहिले का?”

“शेपूट नाही. नोंद तुमच्यापर्यंत पोचलीय. बघा ना.”

मी पाहिले. ती बरोबर होती. माझ्या फाइलीत दोन नोंदी होत्या. बिऱ्हाडे सुनील, सकाळी मुख्य फाटकातून आत. बिऱ्हाडे सुनील, थोड्या वेळापूर्वी मागच्या फाटकातून बाहेर. आडनाव तेच, नाव तेच, गाव तेच. प्रोग्रामने मात्र त्यांना दोन माणसे मानले होते. पहिला आत गेला आणि आलाच नाही. दुसरा न जाताच बाहेर आला, आणि अशा माणसाचे काय करायचे हे आम्ही प्रोग्रामला शिकवलेच नव्हते. त्याने तो सोडून दिला.

मी मोठ्याने विचारले, “ठेकेदाराकडे बिऱ्हाडे नावाचे दोघे आहेत का?”

मोरे मुखवट्याचा पट्टा ओढत होता. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “एकच हाय. यादीत दोन दिसत्यात, ती आमची मस्करी. रोज संध्याकाळी मुकादम एक मिटवतो.”

दुसरे बिऱ्हाड. टपरी, बाक, यादी. सगळे एकदम समोर आले.

आता जे लिहितो ते नीट वाचावे. एकच माणूस यादीत दोनदा येऊ नये असा नियम मी स्वतः त्या फाइलीत घातला होता. लायब्ररी नियम मोडत नाही. इतक्या वर्षांत तिने माझा एकही नियम मोडलेला नाही. याचा अर्थ, आमच्या डोळ्यांना जे नाव एक दिसत होते, ते तिच्या लेखी दोन होते. ती अक्षरांचे रूप पाहत नाही. अक्षरामागच्या खुणा पाहते, आणि त्या जशाच्या तशा पडताळते.

मी तिला त्या दोन्ही आडनावांची लांबी विचारली. एका ओळीचा प्रश्न असतो तो. उत्तर टाइप करून संपायच्या आत आले.

एकाची आठ. दुसऱ्याची नऊ.

मी हे आकडे वैशालीला सांगितले आणि फोन ठेवला.

मराठीत एक र आहे जो हिंदीत नाही. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, दातिवऱ्याला. अक्षराच्या डोक्यावर न चढता पुढच्या अक्षराच्या कमरेला आडवा धरणारा र. तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, त्याच्यासाठी राखून ठेवलेले वेगळे अक्षर वापरून. दोन, साध्या र चा पाय मोडून त्याच्यापुढे एक अदृश्य जोडखूण ठेवून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. छापूनही फरक कळत नाही. मूळ यादी ज्यावर भरली तो सुरक्षा कक्षातला संगणक जुन्या पद्धतीने टाइप करी आणि जोडखूण घाली: नऊ. फोन वेगळे अक्षर वापरी: आठ. मागच्या फाटकावर पहारेकऱ्याने बिऱ्हाडे असे एकदा पूर्ण टाइप केले, यादीने नाही म्हटले, त्याने ‘नवीन नाव’ दाबले. तेव्हापासून दोन्ही फाटकांवर एकसारखी दोन नावे दिसत, आणि येताना एक तर जाताना दुसरे निवडले जाई. खुंट वेगळे, फळ तेच, हे मी अभिमानाने सांगत आलो होतो. मुळांतून वर काय चढते ते खुंटावर अवलंबून असते, हे चिकूवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे होते.

मी कदमांना म्हणालो, “बिऱ्हाडे आत नाही. तो मागच्या फाटकाने बाहेर गेला आहे. यादीत त्याचे नाव दोन प्रकारे लिहिले गेले आहे. आत गेलेला आणि बाहेर आलेला एकच आहे.”

“पुन्हा आत गेला असेल तर?”

“नोंदीशिवाय फाटक फिरत नाही. नोंद नाही.”

“फोन पेटीत आहे.”

“पेटी मुख्य फाटकावर आहे. तो मागच्या फाटकाने गेला.”

मोरे वळला. मुखवटा त्याच्या गळ्यात लोंबत होता.

“माणूस आत मरायलाय आणि तुमी अक्षरं मोजताय?”

“होय,” मी म्हणालो.

“एका अक्षरावर माझा दोस्त सोडू?”

“दोस्त बाहेर आहे.”

“दाखवा मग.”

मला दाखवता येत नव्हता. माझ्याकडे आठ आणि नऊ होते. कदम माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “सावे, तुमचं चुकलं तर?”

“चुकलेले नाही.”

तेवढेच म्हणालो. दुसरे काही म्हणण्यासारखे नव्हते. कदमांनी डोळे मिटले, उघडले आणि मोरेच्या छातीवर हात ठेवला.

“फवारा लागेपर्यंत कोणी आत जाणार नाही. हा हुकूम आहे.”

मोरेने त्यांचा हात झटकला नाही. तो तिथेच जमिनीवर बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मीही नजर वळवली नाही. बाहेर बंबाची माणसे नळ्या जोडत होती. पहिल्या नळीत पाणी आले. दुसरीत येत होते.

तेव्हा सॉल्व्हंटच्या विभागात आग भडकली. आवाज फार मोठा नव्हता. कोणीतरी ओली सतरंजी झटकावी तसा. छपराचे पत्रे उचलले गेले आणि काही जागेवर परतले, काही परतले नाहीत. सुरक्षा कक्षाची काच थरथरली. दाराजवळ, जिथून हे दोघे आत शिरले असते, तिथे काळा धूर उभा राहिला आणि मग पाणी त्यावर पडू लागले.

कदमांनी पुन्हा भिंतीकडे पाहिले.

भिंतीवरचा आकडा तसाच होता. आत एक. तो मी बदलला नव्हता, आणि माणूस समोर येईपर्यंत बदलणारही नव्हतो. आता हिशेब सरळ होता. मी बरोबर असेन तर दोन माणसे वाचली होती. चूक असेन तर एक गेला होता, आणि त्याचा सोबती माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. मोरेचे ओठ हलत होते. तो शिव्या देत होता की देवाला काही म्हणत होता, मी विचारले नाही. मी पडद्यावरच्या दोन नावांकडे पाहत होतो. ती अजूनही सारखीच दिसत होती.

फोन वाजला.

“काका,” वैशाली म्हणाली, आणि थांबली. तिला दम लागला होता. “आठवाले बिऱ्हाडे माझ्यासमोर उभे आहेत. हातात किल्ली आहे. विचारतायत, आत सोडता का.”

मी फोन मोरेकडे दिला. त्याने तो कानाला लावला आणि पलीकडचा आवाज ऐकला. मग म्हणाला, “गाढवा, फोन कोण नेणार, तुझा बाप?”

पलीकडून काही उत्तर आले. मोरेने ते ऐकले आणि फोन मला परत दिला. त्याचा चेहरा मी इथे लिहीत नाही.

बिऱ्हाडे चहाच्या सुट्टीत कोणाला न सांगता बेटेगावला गेला होता. गावाहून बायको आणि मुलगी यायच्या होत्या. त्याला एक खोली पसंत पडली होती, आणि ती दुसऱ्याने अडवू नये म्हणून तो आपले कुलूप घालून आला होता. खोली मागच्या फाटकाच्या दिशेने जवळ पडते. फोनसाठी मुख्य फाटकापर्यंत उलटे जायचे त्याच्या जिवावर आले. मोरेला त्याने काहीच सांगितले नव्हते, कारण सरावलीची खोली सोडतोय हे ऐकून मोरे चिडेल असे त्याला वाटत होते.

“म्हणजे दुसरं बिऱ्हाड खरंच होतं की रे,” मोरे त्याला भेटल्यावर म्हणाला. एवढेच. मग त्याने त्याच्या पाठीत इतक्या जोराने थाप मारली की बिऱ्हाडे दोन पावले पुढे गेला.

पुढचे काम आमचे. तीन प्रोग्रामांत तीनदा तोच नियम लिहिणे मला मान्य नव्हते. तीन भाषांत लिहिलेला एक नियम कालांतराने तीन नियम होतो. नाव साठवण्यापूर्वी त्या र चे एकच रूप करायचे, जोडखूण काढून टाकायची, हा नियम मी सी भाषेत एकदाच लिहिला, आणि आम्ही तो लायब्ररीसोबतच तिन्ही ठिकाणी जोडला. फोन सहजासहजी ऐकेना. फोनबरोबर जी लायब्ररी आयती येते तिला असे बाहेरचे जोडकाम चालत नाही. वैशालीने आयती बाजूला ठेवली आणि आमचीच बांधून फोनमध्ये घातली. ती चालली त्या दुपारी तिने टेबलावर हात आपटला. मी उभा राहिलो. हा धंदा बाहेरच्यांना रूक्ष वाटतो. वाटू दे.

‘नवीन नाव’ हे बटण आम्ही पहारेकऱ्याकडून काढून घेतले. आत न गेलेला माणूस बाहेर आला तर आता यंत्र बोंब मारते. संध्याकाळी मुकादमाने उरलेली नावे मिटवण्याची सोय कदमांनी बंद केली. त्या मिटवण्यानेच आमची चूक रोज झाकली जात होती आणि रोज त्यावर हसले जात होते. मला खंत त्या हसण्याची आहे. कारखान्यात लोक कशावर हसतात ते ऐकले पाहिजे. बहुतेक वेळा ते एखाद्या बिघाडावर हसत असतात. आता मी कुठेही गेलो की टपरीवर चहा घेतो आणि उठायची घाई करत नाही.

मध्यंतरी बिऱ्हाडेने आम्हाला बेटेगावच्या खोलीवर जेवायला बोलावले. वैशालीने दातिवऱ्याहून सुकी मासळी आणली होती, शेपटांसकट. बिऱ्हाडेच्या बायकोने वांग्याचे भरीत केले होते. मुलगी कोणाशी बोलत नव्हती, फक्त मोरेच्या खांद्यावर बसली होती. दारावर नवी पाटी होती. रंगाऱ्याने ठळक अक्षरांत लिहिले होते: बिऱ्हाडे.

मी चपला काढत होतो. मोरे पाटीखाली उभा राहून ती न्याहाळत होता. त्याने मला हाक मारली.

“काका, जरा बघून सांगा. हे आठचं हाय का नऊचं?”

मी चष्मा लावला. पाटी नीट वाचली.

“यात माणसे किती राहतात?” मी विचारले.

“तीन.”

“मग तीनचे.”